मंडळावर माणसं येत नाहीत, आली तर टिकत नाहीत

पत्र

आमची संस्था शाळा अर्धवट सुटलेल्या मुलींसाठी काम करते. बावीस वर्षं झाली. कार्यकारी मंडळावर कागदोपत्री अकरा जण आहेत. बैठकीला सहा येतात, त्यात संस्थापक अध्यक्ष बोलतात आणि बाकीचे माना डोलावतात. मी चार वर्षांपासून सचिव आहे. येत्या वार्षिक सभेच्या वेळी तीन जागा रिकाम्या होत आहेत. गेल्या दीड वर्षात मी सात-आठ जणांना मंडळावर येण्याबद्दल विचारलं. बहुतेकांनी "काम छान आहे, पण वेळ नाही" असं सांगितलं. एक गृहस्थ हो म्हणाले, ते एकदाच बैठकीला आले. एक बाई उत्साहानं आल्या आणि सहा महिन्यांत राजीनामा देऊन गेल्या. "मला इथे काय करायचं तेच कळलं नाही," असं म्हणाल्या. आता अध्यक्षांचं म्हणणं आहे की एखादं मोठं नाव घेऊ. खजिनदारांना आमच्या ऑडिटरनाच मंडळावर घ्यायचंय. आणि आमच्या सर्वात मोठ्या देणगीदारांनी "आमच्या मुलाला घ्या, तो हुशार आहे" असं सुचवलंय. मला कुणालाच नाही म्हणणं जमत नाही. चांगली माणसं आणायची तरी कुठून?

— एक सचिव

उत्तर

नमस्कार,

पत्रातलं सर्वात कामाचं वाक्य तुम्ही ओघात लिहून पुढे गेलात. राजीनामा दिलेल्या बाईंना इथे काय करायचं तेच कळलं नाही. माणसं कुठून आणायची हा प्रश्न त्यानंतरचा.

त्या सात-आठ जणांना तुम्ही नेमकं काय विचारलंत ते पत्रात नाही, पण अंदाज करता येतो. "आमच्या मंडळावर या ना, तुमच्यासारखी माणसं हवीत. फार काही काम नसतं, तीन महिन्यांतून एक बैठक." शेवटचं वाक्य आपण समोरच्यावर दडपण येऊ नये म्हणून बोलतो. पण ज्याला खरंच काही करायचं असतं त्याला त्यातून कळतं की इथे आपल्यावाचून काही अडलेलं नाही, आणि तो वेळ नसल्याचं सांगून मोकळा होतो. ज्याला लेटरहेडवर नाव हवं असतं त्याला मात्र हा व्यवहार पसंत पडतो. चाळणी उलटी धरल्यासारखं होतं. हवी ती माणसं गळून जातात आणि नको ती वर उरतात. तुम्ही मान देऊ केलात, म्हणून मान घेणारे आले. काम देऊ केलं असतंत तर नकार कदाचित तितकेच आले असते, पण होकार वेगळ्या माणसांचे असते.

तेव्हा सध्या कुणालाही फोन करू नका. आधी संस्थेची घटना काढा. बावीस वर्षांच्या संस्थेत ती बहुधा एखाद्या जुन्या फायलीत असते आणि तिच्यात काय लिहिलंय याबद्दल प्रत्येकाची आठवण वेगळी असते. मंडळावर कमीत कमी आणि जास्तीत जास्त किती सदस्य चालतात, मुदत किती वर्षांची, रिकामी जागा सर्वसाधारण सभेनं निवडून भरायची की मंडळाला स्वीकृत सदस्य घेता येतो, मध्येच घेतलेल्या सदस्याला पूर्ण मुदत मिळते की उरलेलीच, गणपूर्ती किती (म्हणजे बैठक वैध ठरायला कमीत कमी किती जण हजर हवेत), हे सगळं वाचून एका कागदावर उतरवा. यात चूक झाली तर निवड रद्दबातल ठरू शकते आणि त्या मंडळानं केलेल्या ठरावांवरही प्रश्न उभे राहतात. सलग काही बैठकांना न कळवता गैरहजर राहणाऱ्याचं सदस्यत्व संपतं, असं कलम पुष्कळ घटनांमध्ये असतं. तेही शोधा.

ते शोधायला सांगतोय कारण तुमची अडचण तीन जागांची नाही. अकरांपैकी पाच जण येत नाहीत. नव्या माणसाला पहिल्याच बैठकीत पाच रिकाम्या खुर्च्या दिसल्या की त्याला समजायचं ते समजतं. इथे न येणं चालतं. म्हणून नव्यांच्या आधी जुन्यांशी बोला, प्रत्येकाशी स्वतंत्रपणे, आणि शक्यतो समोरासमोर. कलम दाखवून सुरुवात करू नका. "पुढच्या वर्षभरात तुम्हाला वेळ देता येईल का? येणार नसेल तर संस्थेशी नातं ठेवून मंडळातून मोकळं व्हायला आवडेल का?" एवढंच विचारा. बरेच जण सुटल्याचा श्वास टाकतात. ते न येण्याबद्दल मनातून ओशाळलेले असतात आणि कुणी विचारत नाही म्हणून तसेच राहिलेले असतात. जे "बघू" म्हणतील त्यांच्यासाठी कलम आहेच. या फेरीत आणखी दोन-तीन जागा मोकळ्या होतील आणि तुमचं काम वाढल्यासारखं वाटेल. तरी आधी हेच करा. मंडळ लहान झालं तर बिघडत नाही. इंग्लंड आणि वेल्समधल्या धर्मादाय संस्थांसाठीच्या प्रशासन संहितेची २०२० ची आवृत्ती साधारण पाच ते बारा विश्वस्त, म्हणजे मंडळाचे सदस्य, पुरेसे मानत होती. काम करणारे सात जण अकरा नावांपेक्षा पुष्कळ बरे, फक्त संख्या घटनेतल्या किमान आकड्याच्या खाली जाऊ देऊ नका.

आता त्या बाईंच्या प्रश्नाचं उत्तर. मंडळाचं काम काय, हे कुठल्याही संस्थेत थोडक्यात सांगता येतं. अंदाजपत्रक मंजूर करणं आणि पैसा त्याप्रमाणे जातोय ना हे पाहणं. मुख्य कार्यकारी माणूस नेमणं, त्याच्या पाठीशी राहणं आणि त्याच्या कामाचं मूल्यमापन करणं. संस्था ज्या उद्देशासाठी नोंदली गेली त्यापासून ती भरकटत नाही ना यावर लक्ष ठेवणं. धोके वेळीच ओळखणं. वर्ग कुठल्या खोलीत भरवायचा आणि फळ्याला रंग कुठला द्यायचा, हे मंडळाचं काम नाही, जरी अनेक मंडळं त्याच्यावरच तासभर आनंदानं बोलत असली तरी. कायद्याच्या भाषा वेगवेगळ्या असल्या तरी सदस्याकडून तीन गोष्टींची अपेक्षा जवळपास सगळीकडे असते. स्वतःच्या व्यवहारात दाखवतो तेवढी दक्षता त्यानं दाखवावी, स्वतःच्या फायद्याआधी संस्थेचं हित पाहावं, आणि कायदा व संस्थेचे उद्देश पाळावेत. हे येणाऱ्याला आधी सांगायलाच हवं. मंडळावर बसणं म्हणजे सही करणं, आणि सही केली की जबाबदारी आली.

हे झालं सर्वसाधारण. तुमच्या मंडळाला आत्ता कोण हवंय, हे मात्र तुम्हालाच शोधायचंय. त्यासाठी एक साधं कोष्टक करा. उभ्या बाजूला राहणाऱ्या सदस्यांची नावं. आडव्या बाजूला पुढच्या तीन वर्षांत लागणाऱ्या गोष्टी: हिशेब वाचता येणं, कायदा, निधी उभारणी, मनुष्यबळ, मुलींच्या शिक्षणाचा प्रत्यक्ष अनुभव, मुलींच्या सुरक्षिततेची जाण, तंत्रज्ञान, आणि ज्या वस्त्यांत तुम्ही काम करता तिथल्या घरांशी ओळख. खुणा करायला लागलात की बहुधा एकाच रकान्यात पाच खुणा पडतील आणि दोन रकाने कोरे राहतील. कोरे रकाने ही तुमची जाहिरात.

कोरा रकाना काय करतो याचं एक गाजलेलं उदाहरण आहे. लंडनमधली मुलांसाठी काम करणारी किड्स कंपनी ही मोठी संस्था ऑगस्ट २०१५ मध्ये अचानक बंद पडली. सरकारी अनुदान, नामवंत पाठीराखे, प्रभावी संस्थापिका, सगळं तिच्याकडे होतं. ब्रिटिश संसदेच्या समितीनं २०१६ मध्ये अहवाल दिला. मंडळावर युवासेवा किंवा मानसोपचार या क्षेत्रांचा अनुभव असलेलं कुणी नव्हतं, त्यामुळे संस्थापिकेच्या निर्णयांना जाणकार प्रश्न विचारले गेले नाहीत, असं समितीचं म्हणणं होतं. मंडळाचे अध्यक्ष २००३ पासून तेच होते. पुढे २०२१ मध्ये लंडनच्या उच्च न्यायालयानं त्या विश्वस्तांना अपात्र ठरवायला नकार दिला, हेही सांगायला हवं. त्यांच्या प्रामाणिकपणावर डाग नव्हता. हे उदाहरण मला म्हणूनच उपयोगाचं वाटतं. प्रामाणिक, मोठ्या पदांवर काम केलेली, वेळ देणारी माणसं मंडळावर होती, तरी प्रश्न कमी पडले.

तुमच्या पत्रातल्या "अध्यक्ष बोलतात आणि बाकीचे माना डोलावतात" या वाक्याशी याचं नातं तुम्हाला दिसलंच असेल.

कोष्टक झालं की प्रत्येक जागेसाठी अर्ध्या पानाचं टिपण लिहा. गुळगुळीत नको. अशा धाटणीचं चालेल:

"आम्हाला हिशेब वाचता येणारी व्यक्ती हवी आहे. आमचे दोन मोठे प्रकल्प पुढच्या वर्षी संपतात आणि त्यानंतरच्या पगारांची सोय अजून झालेली नाही. राखीव निधी किती ठेवावा याचं धोरण आमच्याकडे नाही. पहिल्या वर्षात ते धोरण तयार करणं आणि दर तिमाहीला मंडळाला समजेल असा एका पानाचा ताळमेळ मांडायला लेखापालाला शिकवणं, हे मुख्य काम. वर्षातून चार बैठका, प्रत्येकी तीन तास, आणि प्रत्येक बैठकीआधी तितकंच वाचन. अर्थ उपसमिती महिन्यातून एकदा, दीड तास. वार्षिक सभा आणि एक दिवस प्रत्यक्ष कामाच्या ठिकाणी. सगळे मिळून वर्षाला साधारण ५० तास. मानधन नाही, प्रवासखर्च मिळतो. मुदत तीन वर्षं."

हे वाचून दहातले आठ जण दूर जातील. जाऊ द्या. उरलेले दोघे हिशेबाबद्दल प्रश्न विचारायला फोन करतील.

प्रवासखर्चाची ओळ मुद्दाम घातली आहे. "सेवाभाव आहे, खर्च काय मागायचा" या भिडेपायी ज्यांना परवडतं तेच मंडळावर येतात आणि मग सगळं मंडळ एकाच आर्थिक थरातलं होतं. झालेला वाजवी खर्च पावतीवर परत देणं हे मानधन नव्हे. बैठकीची वेळही पाहा. कामाच्या दिवशी दुपारी तीनला बैठक ठेवली तर निवृत्तांखेरीज कोण येणार?

माणसं शोधायची कुठे? बहुतेक संस्था ओळखीतल्या ओळखीत शोधतात आणि त्याचं व्हायचं तेच होतं. इंग्लंड आणि वेल्समधल्या विश्वस्तांचा मोठा अभ्यास २०१७ मध्ये प्रसिद्ध झाला. बहुतेकांची निवड अनौपचारिक ओळखीतून झालेली होती, साधारण दोन तृतीयांश पुरुष होते आणि सरासरी वय साठीच्या घरात होतं. इतरत्र चित्र फार निराळं असेल असं वाटत नाही. ओळख वाईट नाही, पण आपली ओळख आपल्यासारख्यांशीच असते. तुमच्या कोष्टकातले कोरे रकाने कोरे राहण्याचं कारण हेच तर आहे.

सुरुवात संस्थेच्या कडेला उभ्या असलेल्या माणसांपासून करा. वर्षानुवर्षं येणारे स्वयंसेवक. वार्षिक अहवाल वाचून एखादा अडचणीचा प्रश्न विचारणारा छोटा देणगीदार (असा एखादा असतोच, आणि कार्यालयात त्याचा फोन कुणी उचलायला बघत नाही, त्याला आधी गाठा). तुमच्याकडून शिकून बाहेर पडलेल्या आणि आता कमावत्या असलेल्या मुली. त्यांच्यापैकी घ्यायच्या असतील तर एकीला घेऊ नका, दोघींना घ्या. एकटी असली की तिच्याकडून सगळ्या मुलींच्या वतीनं बोलण्याची अपेक्षा होते आणि बाकीच्या विषयांत तिला कुणी विचारत नाही. दोघी असल्या की त्या एकमेकींशी असहमत होऊ शकतात, आणि तिथपासून त्या खऱ्या सदस्य होतात.

कडेची माणसं संपली की बाहेर जा. लेखापाल, वकील, शिक्षक यांच्या व्यावसायिक संघटना असतात, त्यांच्याकडे टिपण पाठवा. तुमच्यासारखंच काम करणाऱ्या संस्थेतून मुदत संपून बाहेर पडलेल्या सदस्यांना विचारा. आणि विचारताना "तुम्ही याल का?" असं विचारू नका. टिपण पुढे ठेवून "या कामासाठी तुमच्या पाहण्यात कोण आहे?" असं विचारा. माणूस मोकळेपणानं दोन नावं सांगतो. त्याला स्वतःलाच रस असेल तर तो टिपण परत एकदा वाचतो आणि म्हणतो, "हे मला जमेल का?" गळ न घालता आलेला हा माणूस टिकतो.

आता गळ घालण्याबद्दलच बोलतोय तर तुमच्या "नाही म्हणणं जमत नाही" या तक्रारीचं बघू. भीड भिकेची बहीण, असं आपल्याकडे म्हणतात ते संस्थांच्या बाबतीत अगदी शब्दशः खरं आहे. पण तुमचा स्वभाव बदलावा अशी माझी अपेक्षा नाही. त्याऐवजी नाही म्हणण्याचं काम तुमच्याकडून काढून घ्या. पुढच्याच बैठकीत तिघांची निवड समिती नेमण्याचा ठराव करा. तुम्ही त्यात असा, अध्यक्ष नसावेत, आणि शक्य असेल तर एक व्यक्ती मंडळाबाहेरची असावी. यापुढे कुणीही नाव सुचवलं, अध्यक्षांनी, खजिनदारांनी की देणगीदारांनी, की तुमचं उत्तर एकच: "नाव समितीकडे देते. टिपणही पाठवते, त्यांना वाचायला द्या." समितीच्या शिफारशीआधी कुणीही कुणाला शब्द द्यायचा नाही, हे ठरावातच लिहा. समितीनं दोन फेऱ्या बोलावं, दोघांनी मिळून, आणि प्रत्येक इच्छुकाला सारखेच प्रश्न विचारावेत. सर्वात उपयोगी प्रश्न माझ्या मते हा: "तुमचं मत बैठकीत एकटं पडलं, असं शेवटचं कधी झालं? मग तुम्ही काय केलंत?" ज्याला एकही प्रसंग आठवत नाही तो तुमच्याकडेही मानच डोलावणार.

दुसऱ्या भेटीत तुम्ही कागद उघडायचे. मागच्या तीन वर्षांचे तपासलेले हिशेब, ऑडिटरचे शेरे, घटना, गेल्या चार बैठकांची इतिवृत्तं, एखादा दावा किंवा कर्मचाऱ्याची तक्रार प्रलंबित असेल तर तिची माहिती, कर्ज असेल तर तेही. मुलींशी संबंधित नावं आणि खासगी तपशील झाकून ठेवा, बाकी काही लपवू नका. इथे बऱ्याच सचिवांचं घोडं पेंड खातं. "आधी येऊ देत, मग हळूहळू सांगू." तसं केलंत तर तिसऱ्या बैठकीत त्या माणसाच्या लक्षात येतं की आपल्याला अर्धवट चित्र दाखवून आणलंय, आणि मग तो निघून तरी जातो किंवा प्रत्येक कागदाकडे संशयानं पाहतो. वाईट बातमी आधी ऐकून जो आला, त्याला ती सोडवायचीच असते.

निवडीआधी एक बैठक निरीक्षक म्हणून बसवा. बोलायचं बंधन नाही, मत नाही. बैठक संपल्यावर दहा मिनिटं त्याच्याशी बोला: "काय दिसलं?" समजा तुमचा ताळेबंद फिरला, सगळ्यांनी पानं उलटली, "मंजूर, मंजूर" झालं, आणि बाहेर आल्यावर ती व्यक्ती म्हणाली, "ते 'इतर देणी' म्हणून जी रक्कम होती, ती गेल्या वर्षीपेक्षा दुप्पट झालीय. कुणाची देणी आहेत ती?" तर समितीची पुढची चर्चा लवकर आटपेल. "सगळे किती प्रेमानं बोलतात हो तुमच्याकडे" एवढंच ऐकायला मिळालं, तर तेही समितीला सांगा. त्याहून सावकाश जायचं असेल तर आणखी एक वाट आहे. घटनेत परवानगी असेल तर उपसमितीवर बाहेरची माणसं घ्या आणि सहा महिने एकत्र काम करून पाहा. मला ही वाट सर्वात आवडते. मंडळावर घेतलेला माणूस मुदतभर राहतो. उपसमितीचं काम संपलं की हात जोडून निरोप देता येतो, कुणाचा अपमान होत नाही.

तुमच्यासमोरच्या तीन नावांबद्दल.

मोठं नाव. ते नाव ज्यांचं आहे त्यांनी ५० तासांचं टिपण वाचून होकार दिला तर जरूर घ्या, मोठेपणा हा काही दोष नाही. पण बहुधा ते येणार नाहीत. मग त्यांना सल्लागार मंडळावर किंवा आश्रयदाते म्हणून बोलवा. तिथे मत नाही आणि गणपूर्तीत मोजणीही नाही. वर्षातून एकदा कार्यक्रमाला येतील, दोन दारं उघडून देतील. मंडळावर घेऊन पाच रिकाम्या खुर्च्यांत सहाव्या, जास्त शोभिवंत खुर्चीची भर घालू नका.

ऑडिटर. याला मात्र सरळ नाही. ज्या मंडळाचे हिशेब तपासायचे त्याच मंडळाचा सदस्य झाला तर तो स्वतःचेच निर्णय तपासणार. ऑडिटरचं स्वातंत्र्य हा त्या व्यवसायाचा पाया आहे आणि ही गोष्ट त्यांना तुमच्यापेक्षा चांगली माहीत असते. खजिनदारांनी विचारलं तर तेच बहुधा हसून नकार देतील. मंडळावर हिशेब जाणणारी दुसरी व्यक्ती शोधा. आणि ती चार्टर्ड अकाउंटंट असली तरी तिच्याकडून फुकटात विवरणपत्रं भरून घेऊ नका. मंडळावर ती प्रश्न विचारायला आलेली असते. वकिलांच्या बाबतीत हेच. फुकट सल्लागार मिळाला या आनंदात पुष्कळ संस्था चांगला सदस्य गमावतात.

देणगीदारांचा मुलगा. हे प्रकरण नाजूक आहे खरं. तो हुशार असेलही. मग त्याला टिपण द्या, दोन्ही भेटी होऊ द्या, निरीक्षक म्हणून बसवा. बाकीच्यांसारखंच. अडचण त्याच्या हुशारीची नाही. उद्या मंडळासमोर त्याच्या वडिलांच्या देणगीच्या अटींचा विषय आला तर तो कुणाच्या बाजूनं बसणार? म्हणून त्याला घ्या किंवा न घ्या, त्याआधी हितसंबंधांबद्दलचं धोरण मंजूर करून घ्या. प्रत्येक सदस्यानं दरवर्षी लेखी सांगायचं की संस्थेशी आपले, आपल्या कुटुंबाचे किंवा धंद्याचे कोणते व्यवहार आहेत. तो विषय निघाला की त्यानं खोलीबाहेर जायचं, मत द्यायचं नाही, आणि तो बाहेर गेल्याची नोंद इतिवृत्तात करायची. अमेरिकेत मोठ्या करमुक्त संस्थांपैकी बहुतेकांना वार्षिक विवरणपत्रात असं लेखी धोरण आहे का हे सांगावं लागतं. देणगीदारांना भेटून सांगा: "नाव समितीपुढे आहे. सगळ्यांना एकच पद्धत आहे." तेवढ्यावर कुणी देणगी थांबवली, तर त्या देणगीच्या बदल्यात काय मागितलं जात होतं तेही कळलं.

आता अध्यक्ष. बावीस वर्षं संस्था उभी ठेवणाऱ्या माणसाबद्दल मी दुरून कठोर बोलणार नाही. पण नवी माणसं आणून त्यांना त्याच बैठकीत बसवलंत तर सहा महिन्यांत तीही मान डोलवायला शिकतील. एकेकट्यानं येणारा माणूस मंडळाच्या सवयीत विरघळतो. दोघे-तिघे एका वेळी आले तर प्रश्न विचारायला एकमेकांचा आधार मिळतो. तुमच्या तीन जागा एकदम भरायच्या आहेत ही अडचण नाही, संधी आहे. अध्यक्षांशी आधी एकट्यानं बोला, बैठकीत नको. "तुमच्यानंतर संस्था कोण चालवणार?" हा प्रश्न त्यांना रात्री पडत असणारच. त्याच्यावरून सुरुवात करा. बैठकीच्या रीतीत दोन छोटे बदल मागा. कागदपत्रं सात दिवस आधी जावीत, आणि प्रत्येक विषयावर अध्यक्षांनी सर्वात शेवटी बोलावं. दुसरा बदल त्यांना जड जाईल. पहिल्या दोन बैठकांत शांतता पसरेल, तुम्हालाच अवघडल्यासारखं होईल. ती शांतता भरून काढायचा मोह टाळा.

मुदतीचंही याच वेळी ठरवून टाका, कारण नंतर ते कुणाच्या तरी नावाशी जोडलं जातं. तीन वर्षांची मुदत, लागोपाठ दोनदा किंवा फार तर तीनदा. वर उल्लेख केलेली इंग्लंडची संहिता २०२० च्या आवृत्तीत नऊ वर्षांनंतरच्या फेरनियुक्तीसाठी खास कसून तपासणी मागत होती. आणि सगळ्यांची मुदत एकाच वर्षी संपू देऊ नका. दरवर्षी एक तृतीयांश जागा बदलतील अशी आखणी करा. पहिल्या खेपेला काहींना एक, काहींना दोन आणि काहींना तीन वर्षं द्यावी लागतील, ते चिठ्ठ्या टाकून ठरवलं तर रुसवेफुगवे होत नाहीत. यासाठी घटनादुरुस्ती लागत असेल तर वार्षिक सभेच्या सूचनेतच तो विषय घाला.

निवड झाल्यावरची गोष्ट थोडक्यात. नव्या सदस्याला जुन्यांपैकी एक सोबती द्या, पहिल्या बैठकीआधी लेखापालाशी आणि मुख्य कार्यकर्त्यांशी तास-तासभर भेट घडवा, एक दिवस मुलींच्या वर्गात नुसतं मागे बसू द्या. पहिल्याच वर्षी बँकेच्या सह्या किंवा खजिनदारपद गळ्यात घालू नका. तीन महिन्यांच्या आत त्याच्या नावावर एक ठरलेलं काम असू द्या, टिपणात लिहिलेलंच. सहा महिन्यांनी तुम्ही फोन करून विचारा की सांगितलं होतं तसं आहे का, आणि काय वेगळं निघालं. राजीनामा दिलेल्या बाईंनाही, जमलं तर, एकदा भेटा. परत या म्हणायला नको. तुमचं नवं टिपण त्यांना वाचायला द्या आणि यात काय राहिलंय ते विचारा. ते त्यांच्याइतकं नेमकं दुसरं कुणी सांगणार नाही.

वेळापत्रकाचं बघा. वार्षिक सभेला चार महिने असतील तर जुन्यांशी बोलणं आणि कोष्टक पहिल्या महिन्यात, टिपणं आणि शोध दुसऱ्यात, भेटी आणि निरीक्षक म्हणून बैठक तिसऱ्यात, समितीची शिफारस आणि सभेची सूचना चौथ्यात. तीनपैकी एकच योग्य माणूस मिळाला तर एकच घ्या. संख्या घटनेच्या किमान आकड्यावर असेल तोवर जागा रिकामी ठेवणं गुन्हा नाही, खोगीरभरतीपेक्षा ते केव्हाही परवडलं. निवड झाली की लेखी संमतिपत्र, ओळखीची कागदपत्रं आणि सभेच्या ठरावाची प्रत एकत्र करून तुमच्या नोंदणी कार्यालयाला बदल मुदतीत कळवा. ही मुदत ठिकठिकाणी वेगळी असते, तेव्हा सभेच्या आधीच विचारून ठेवा. गेलेल्या सदस्यांची नावं बँकेच्या खात्यांवरून काढायचं पत्रही त्याच दिवशी टाका.